सोंगाड्या कुणाला हसतो? : दादा कोंडके यांच्या कलेची चिकित्सा

दादा कोंडके यांच्याविषयी मराठीत जे बोलले आणि लिहिले जाते, त्याचे सरळ दोन गट पडतात. एका गटाच्या लेखी ते द्वयर्थी संवादांवर पोसलेले, अभिरुची बिघडवणारे नट. दुसऱ्या गटाच्या लेखी ते गोरगरिबाला पोट धरधरून हसवणारे जादूगार, आणि त्यांच्यावर टीका करणारा प्रत्येक माणूस नाक मुरडणारा पांढरपेशा. हे दोन्ही गट एकमेकांशी कितीही भांडोत, एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. ज्या कलेच्या जोरावर कोंडके उभे राहिले ती कला मुळात कोणाची, आणि त्यांच्या हातात आल्यावर तिचे काय झाले, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. आम्हांला तो पडतो. आणि पडलाच पाहिजे.

प्रश्नाची सुरुवात माझ्या घरापासून आहे. माझे आजोबा महारवाड्यातले. यात्रेतल्या तंबू थिएटरात आपण ‘सोंगाड्या’ तीनदा पाहिला, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत आणि सांगतानाच हसू लागत. आजी त्या वेळी उठून चुलीपाशी जाई. तिची एक मावशी फडात नाचत होती, हे मला फार उशिरा कळले. घरात तो विषय कोणी काढत नसे. आजोबांचे हसणे खरे होते. आजीचे गप्प राहणेही खरे होते. कोंडक्यांच्या कलेची चिकित्सा करायची तर या दोघांनाही साक्षीला बोलवावे लागेल.

आधी कोंडक्यांच्या पदरात जे माप पडते ते घालू. ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत जन्मलेला, मूळचा भोरकडच्या इंगवली गावचा, नायगाव-लालबागच्या गिरणगावात वाढलेला हा कृष्णा कोंडके. घरात कलेचा वारसा सांगणारे कोणी नाही, हाताशी पैसा नाही. बँडमध्ये वाजवणे, ‘अपना बाजार’मधली नोकरी, सेवादलाचे कलापथक अशा वाटेने तो रंगभूमीवर आला. त्याच कलापथकाच्या मुशीतून निळू फुले आणि राम नगरकरही बाहेर पडले. गिरणगावातली आणि बहुजन समाजातली ही पोरे एकाच वेळी विनोद घेऊन पुढे आली, ही मराठी रंगभूमीच्या इतिहासातली साधी घटना नव्हे. तोवर मराठी विनोद म्हणजे बव्हंशी दिवाणखान्यातला, कोटीबाज, पुस्तकी. या मंडळींनी त्याला रस्त्यावर आणले.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने कोंडके घराघरात पोचले. त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. प्रधान आपल्या मेहुण्याला कोतवाल करतो, हक्काची जागा हुकलेला हवालदार मैनेच्या मदतीने त्या कोतवालाला राजाचा पलंग चोरायला लावतो आणि अडकवतो, असा तो वग. कोंडके त्यात हवालदार. लिहिलेले संवाद हा त्यांच्यासाठी केवळ आधार होता. त्या दिवशी वर्तमानपत्रात जे आले असेल ते संध्याकाळच्या प्रयोगात येई. दिल्लीचे राजकारण, मुंबईचे मंत्री, रेशनची रांग, सगळे त्या हवालदाराच्या तोंडून रंगमंचावर येई. वशिल्याने भरलेल्या राज्यात हक्क डावलला गेलेला खालचा माणूस वरच्याला हसतो आहे, हे प्रेक्षकाला उमगत होते. आशा भोसले यांनी हा प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे त्यांची शिफारस केली आणि १९६९ साली ‘तांबडी माती’तून ते पडद्यावर आले.

१९६९ हे साल आम्ही दुसऱ्या कारणासाठीही लक्षात ठेवतो. त्याच वर्षी १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले, दारिद्र्यात आणि एकाकी. ज्या माणसाने १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांसह लाल बावटा कलापथक उभे केले, तमाशातला गणपती बाजूला सारून त्या जागी मायभूमीला वंदन केले आणि वगाला मालक-मजुराचा विषय दिला, त्याच्या हातून तमाशाचे लोकनाट्य झाले. पुढे त्या लोकनाट्याला प्रतिष्ठा मिळाली, नाट्यगृहे मिळाली, तिकीटबारी मिळाली. अण्णा भाऊंना ती मिळाली नाही. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण तमाशाच्या बाबतीत असे योगायोग फार वेळा घडले आहेत.

सोंगाड्या हे पात्र कुठून आले? तमाशाच्या फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि कडे घेऊन जी माणसे उभी राहिली, ती प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी. गावगाड्याने ज्यांना बोलायची मुभा दिली नाही, त्यांनी रात्री फडात स्वतःसाठी बोलण्याची एक जागा काढून घेतली. ती जागा म्हणजे सोंगाड्या. राजाला ‘तू’ म्हणणारा, प्रधानाच्या पागोट्याची टर उडवणारा, देवाला उलट प्रश्न करणारा. तो मूर्ख नसतो. मूर्खाचे सोंग घेतलेला असतो, म्हणून तर त्याला सोंगाड्या म्हणायचे. ‘गाढवाचं लग्न’मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार असो, नाहीतर कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी असो, त्यांच्या भोळेपणामागे एक धारदार शहाणपण उभे असते. दिवसा ज्या पाटलापुढे मान खाली घालायची, त्याच पाटलाला रात्री त्याच्याच गावात, त्याच्याच समोर हसायचे, एवढी जोखीम त्या हसण्यात होती.

आंबेडकरी चळवळीने या कलेकडे कसे पाहिले, हे येथे आठवले पाहिजे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूराव यांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ही हकिकत चळवळीत सर्वश्रुत आहे. महार स्त्रीला नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. पण तमाशाच्या रूपाशी त्यांचे वैर नव्हते. भीमराव कर्डकांच्या जलशांचे त्यांना मोल होते. आपल्या कितीतरी सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशी त्यांची भावना सांगितली जाते. आंबेडकरी जलशाने काय केले? गणातला गणपती काढला, गवळणीतली छेडछाड काढली, बाईचा नाच काढला. आणि सोंगाड्या ठेवला. भट, सावकार, बुवाबाजी, देवस्की, गावकीची लाचारी हे त्याचे विषय झाले. अडाणी खेडुताचे सोंग घेऊन तो शिकलेल्याला अडचणीचे प्रश्न विचारी. हसे कोणाचे करायचे आणि कोणाचे नाही, याचा पक्का निवाडा त्या जलशाने केला होता. माझ्या मते मराठी विनोदाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा सौंदर्यशास्त्रीय निर्णय आहे. आमच्या विद्यापीठांतून विनोदाचे तास घेतले जातात तेव्हा त्याची आठवण क्वचितच होते.

याच कसोटीवर आता कोंडके घासून पाहू.

त्यांच्या विनोदाचे बळ त्यांच्या कानात आहे. ते मुळात वाजवणारे गडी. वाक्य कुठे तोडायचे, किती मात्रा गप्प राहायचे, कुठल्या शब्दावर सम घ्यायची, हे त्यांना ढोलकीवाल्याइतके नेमके कळे. त्यांनी स्वतः लिहिलेली गाणी पाहा. शब्द साधे, चाल ओठावर बसणारी, रचना बहुधा सवाल-जवाबाची. ओळीच्या शेवटी यमक अशा बेताने टांगून ठेवायचे की श्रोत्याच्या मनात एक चावट शब्द उभा राहावा. मग गायकाने निरागसपणे दुसराच शब्द टाकावा. हे तंत्र त्यांनी शोधलेले नाही. कलगी-तुऱ्याच्या कूटात, बायकांच्या उखाण्यात, फडातल्या बतावणीत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्रेक्षकाला सहभागी करून घेण्याची ती लोकयुक्ती आहे. जलशातला सोंगाड्याही हेच करी : वाक्य अर्धे सोडी आणि ‘आमच्या पोटाला भाकर का नाही?’ याचे उत्तर प्रेक्षकांच्या तोंडून काढून घेई. तंत्र तेच, पण रिकामी जागा कशासाठी ठेवायची हा निर्णय वेगळा. जलशात त्या रिकाम्या जागेत अन्यायाचे नाव येई. कोंडक्यांच्या गाण्यात बाईचे शरीर येऊ लागले.

हे एका रात्रीत झाले नाही. १९७१ च्या ‘सोंगाड्या’तला नाम्या आईच्या धाकातला, तमाशाच्या नादाने फडात ओढला गेलेला भाबडा पोर. दादरच्या कोहिनूर थिएटरात या चित्रपटाला जागा मिळेना, देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ आडवा आला, आणि शिवसेनेने मध्ये पडून ती मिळवून दिली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. अर्धी चड्डी आणि लोंबणारी नाडी घातलेला हा नायक खेड्यातल्या प्रेक्षकाला आपला वाटला, कारण तोवर पडद्यावर त्याच्यासारखा माणूस नायक म्हणून उभाच राहत नव्हता. माझ्या आजोबांचे हसणे इथले आहे. उषा चव्हाण यांची नायिकाही या काळात ठसक्यात उलट जबाब देते. सवाल-जवाबात तिची बाजू पडती नसते. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून कोंडके दिग्दर्शकही झाले. त्यातला साधा शिपाई आणि अशोक सराफ यांनी रंगवलेला लाचखाऊ सखाराम ही जोडी ‘विच्छा’तल्या हवालदाराचे नाते अजून राखून होती.

पण ‘सोंगाड्या’तच एक गळती सुरू झाली होती. फडावरचा चित्रपट असूनही फडाच्या जातीचा प्रश्न हा त्या चित्रपटाचा प्रश्न होत नाही. तमाशा उरतो, तमाशा करणारा समाज उरत नाही. दुसरा बदल त्याहून खोल आहे. फडातला सोंगाड्या भोळेपणाचे सोंग घेतो. कोंडक्यांचा नायक खरोखरच भोळा होतो. त्याला आपल्या बोलण्याचा दुसरा अर्थ कळतच नाही, तो फक्त प्रेक्षकाला कळतो. त्यामुळे बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. सेन्सॉर बोर्डाशी त्यांचे वारंवार खटके उडत, तेव्हाही त्यांचा बचाव हाच असे : वाईट अर्थ तुमच्या मनात आहे, माझ्या शब्दांत नाही. बचाव हुशारीचा आहे. पण ज्या सोंगाड्याची सारी इभ्रत आपण काय बोलतो आहोत हे जाणून बोलण्यात होती, त्याच्या वारसाने ‘मला काहीच कळत नाही’ असे म्हणावे, ही त्या पात्राची हार आहे.

१९७८ साली ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ आला. याच वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरे जाळली गेली. त्या जाळपोळीचा दोष कोणी कोंडक्यांच्या माथी मारू नये. पण रोजच्या बातमीवर रोज बोलणारा हवालदार या वेळी कुठे होता? पुढे ते शिवसेनेच्या व्यासपीठावरून सभा गाजवत राहिले. त्याच शिवसेनेने नामांतराला कडवा विरोध केला. सोंगाड्या राजदरबारात जातो तो राजाला हसायला. तो राजाच्या बाजूने बोलू लागला की त्याचे हसवणे शिल्लक राहते, सोंगाड्यापण जाते.

लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, गिनीज बुकातली नोंद, मग हिंदीतली ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’सारखी शीर्षके. यशाचा आलेख असा वर जात असताना विनोदाचा परीघ आकसत गेला. राजा, प्रधान, कोतवाल मागे पडले. बाई तेवढी समोर उरली. तिचा उलट जबाबही हळूहळू बारीक झाला.

येथे आमची टीका प्रस्थापितांच्या टीकेत मिसळू नये, म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘अश्लील’ हा शब्द महाराष्ट्रात निरागस नाही. स्वातंत्र्य मिळताच मुंबई सरकारने याच शब्दाच्या आधारे तमाशावर बंदी आणली, आणि ती उठवताना संहिता तपासण्याची अट घातली. पोट मारले गेले ते फडातल्या माणसांचे. नंतर तीच कला धुऊनपुसून नाट्यगृहात आली तेव्हा ती ‘लोककला’ ठरली. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हेच दाखवून दिले आहे की, अश्लीलतेचा शिक्का जातीच्या हातून बसतो आणि तो तमासगीर दलित स्त्रीच्या अंगावर सर्वांत खोल उमटतो. म्हणून कोंडके अश्लील होते काय, हा आमचा प्रश्नच नाही. देहाविषयी मोकळे बोलणे हे कष्टकऱ्यांच्या भाषेचे वैभव आहे. ते आम्ही सोवळ्यात गुंडाळून ठेवणार नाही. आमचा प्रश्न एवढाच की, हसणे वर जाते की खाली? बलदंडाच्या अंगावर जाते, की जिच्या अंगावर आधीच सगळे गाव हसले आहे तिच्याच अंगावर पुन्हा येऊन पडते?

१४ मार्च १९९८ रोजी कोंडके गेले. भाऊ मांग नारायणगावकरांची लेक विठाबाई २००२ साली गेली. आयुष्यभर महाराष्ट्र गाजवूनही अखेरीस विपन्नावस्थेत. सरकारने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार ठेवला, हे ठीकच झाले. पण एकाच मातीतून उगवलेल्या कलेचे पीक कोणाच्या खळ्यावर गेले आणि कोणाच्या हाती धसकटे राहिली, हा हिशेब पुरस्काराने फिटत नाही.

माझ्या वर्गात तमासगिरांच्या घरची मुले येतात. ती आपले घराणे सांगत नाहीत. स्नेहसंमेलनात मात्र दादा कोंडक्यांची नक्कल हटकून होते आणि सभागृह दणाणून जाते. मी या मुलांना हसू नका असे म्हणत नाही. हसणे हे आमच्या बापजाद्यांनी कमावलेले हत्यार आहे. मी त्यांना एवढेच सांगतो की, कोंडक्यांकडून ती लय घ्या, तो कान घ्या, हजारांच्या गर्दीला एका श्वासावर थांबवण्याची ती ताकद घ्या. आणि ते हत्यार कोणावर उगारायचे, हे मात्र कर्डकांच्या जलशाला विचारा. पुढचा सोंगाड्या तुमच्यातून यायचा आहे. तो रंगमंचावर येईल तेव्हा माझ्या आजीला चुलीपाशी उठून जावे लागू नये.