कच्चे दुवे आणि मोकळ्या जागा : ‘देवमाणूस’च्या प्रेक्षकचर्चेची मीमांसा

१

रहस्यकथेचा वाचक एका बाबतीत इतर कथात्म साहित्याच्या वाचकापेक्षा निराळा असतो. लेखकाच्या चुका काढण्याचा अधिकार त्याला या साहित्यप्रकाराच्या संकेतांनीच दिलेला असतो. भावकथेत एखादा दुवा निसटला तर वाचक तो सहानुभूतीने जोडून घेतो. रहस्यकथेत तोच दुवा तो पुराव्यासारखा हाती धरतो आणि लेखकाला जाब विचारतो. बाबूराव अर्नाळकरांच्या सहस्राहून अधिक रहस्यकथांनी मराठीत असा चिकित्सक वाचक घडविला. मात्र ‘रंजनपर साहित्य’ असा शिक्का एकदा मारून झाल्यावर मराठी समीक्षेने या वाचकाच्या चिकित्सेची फारशी दखल घेतली नाही. दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिकांनी या वाचकाची जागा प्रेक्षकाला दिली आणि एकट्याने करावयाची चिकित्सा सामूहिक झाली. मालिकेचा भाग संपल्यानंतर घरात, पारावर, प्रवासात होणारी चर्चा ही मालिकेच्या संहितेचाच पुढचा भाग असते, असे म्हणता येईल.

या चर्चेत दोन प्रवृत्ती एकाच वेळी दिसतात. एकीकडे कथानकातील कच्चे दुवे शोधले जातात. दुसरीकडे त्याच कथानकात काही खोल अर्थ असल्याचे प्रतिपादन केले जाते. वरवर पाहता या प्रवृत्ती परस्परविरोधी आहेत. पहिलीत प्रेक्षक संहितेवर अविश्वास दाखवितो, दुसरीत तो तिच्यावर गरजेपेक्षा अधिक विश्वास टाकतो. वस्तुतः दोहोंचा उगम एकच आहे. संहितेने जे सांगितले नाही त्याचे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. न सांगितलेले ते कधी दोष ठरते आणि कधी आशय ठरते, याचा विचार ‘देवमाणूस’ या मालिकेच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल.

२

‘देवमाणूस’ ही मालिका ‘झी मराठी’ वाहिनीवर ३१ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली आणि तिचे पहिले पर्व ऑगस्ट २०२१ मध्ये संपले. एका खेड्यात डॉक्टर म्हणून वावरणारा, गावाच्या लेखी देवमाणूस असलेला अजितकुमार हा प्रत्यक्षात खुनी आहे, हे प्रेक्षकाला आरंभापासून ठाऊक असते. सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यातील धोम येथे २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्याकांडाशी या कथेचे असलेले नाते सर्वज्ञात आहे. त्या प्रकरणात स्वतःला डॉक्टर म्हणविणाऱ्या एका इसमावर पाच स्त्रिया व एक पुरुष अशा सहा जणांच्या खुनांचा आरोप ठेवण्यात आला. यांतील पहिला खून २००३ सालचा असल्याचे तपासात पुढे आले.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली गुप्तहेरकथेच्या प्रकारांची मांडणी करताना तिच्यात दोन कथा अनुस्यूत असल्याचे दाखवून दिले : गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा. रूढ रहस्यकथेत पहिली कथा झाकलेली असते आणि दुसरी ती उघड करीत जाते. बी. पी. सिंग यांचे दिग्दर्शन आणि शिवाजी साटम यांचा अभिनय यांमुळे लक्षात राहिलेल्या मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मराठी आणि पुढे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेची रचना याच धर्तीची होती. तेथे ‘कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले की कथनाचे वर्तुळ पुरे होते आणि वाटेतील लहानसहान त्रुटी प्रेक्षक क्षमाशीलतेने विसरतो. ‘देवमाणूस’मध्ये गुन्ह्याची कथा उघडी आहे आणि तपासाची कथा लांबणीवर पडलेली आहे. त्यामुळे ‘कोणी?’ या प्रश्नाची जागा ‘हे खपते कसे?’ या प्रश्नाने घेतली आहे. ज्या कथेचे सारे कुतूहल ‘कसे’ या शब्दावर उभे आहे, तिच्यातील प्रत्येक कच्चा दुवा प्रेक्षकाला बोचावा हे ओघानेच आले.

प्रेक्षकांच्या आक्षेपांचे स्थूलमानाने दोन गट करता येतात. पहिला गट कथनाच्या तपशिलाचा आहे. प्रेताची विल्हेवाट इतक्या सहजपणे कशी लागते, हाताशी आलेला पुरावा ऐनवेळी नाहीसा कसा होतो, पोलीस नेमका तोच प्रश्न का विचारीत नाहीत, हे आक्षेप या गटात येतात. दुसरा गट संभवनीयतेचा आहे. एका लहानशा गावातून माणसे एकामागून एक नाहीशी होतात आणि गावाला संशय येत नाही, हे कसे शक्य आहे? ज्याच्या पदवीची कोणी कधी खातरजमा केली नाही अशा माणसाच्या हाती सारे गाव नाडी कशी देते?

पहिल्या गटातील त्रुटींची चिकित्सा फार लांबविण्याचे कारण नाही. त्या दैनंदिन मालिकेच्या उत्पादनव्यवस्थेतून जन्माला येतात. आठवड्याचे भाग ठरलेले, प्रत्येक भागाच्या अखेरीस उत्कंठेचा क्षण ठरलेला आणि लोकप्रियता टिकेल तोवर शेवट पुढे ढकलण्याची सक्ती ठरलेली, अशा स्थितीत पुरावा सापडणे आणि हरवणे हा कथनाचा केवळ श्वासोच्छ्वास होऊन बसतो. आनंदवर्धनांनी अनौचित्य हे रसभंगाचे मूळ कारण मानले आहे. या त्रुटी त्या अर्थाने अनौचित्याच्या आहेत आणि प्रेक्षकाने त्यांना दोष म्हटले ते योग्यच होय. दुसऱ्या गटाचे मात्र तसे नाही.

३

संभवनीयतेविषयीच्या आक्षेपाची गंमत अशी की, ज्याला अशक्य म्हटले जाते ते घडून गेलेले आहे. धोमच्या प्रकरणातील पहिला खून आणि तो उघडकीस येणे यांत तेरा वर्षांचे अंतर आहे. परंतु केवळ ‘हे प्रत्यक्षात घडले’ एवढे उत्तर साहित्यविचारात पुरेसे नसते. शक्य पण अविश्वसनीय अशा घटनेपेक्षा अशक्य पण विश्वसनीय घटना कवीने पसंत करावी, हे ॲरिस्टॉटलचे मत प्रसिद्धच आहे. म्हणजे प्रश्न वास्तवाचा नसून विश्वसनीयतेचा आहे. विश्वसनीयता संहितेत जितकी असते तितकीच ती प्रेक्षकाच्या, याउस यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, अपेक्षाक्षितिजात असते. म्हणून ही मालिका कोण पाहतो याइतकेच ती कोठून पाहिली जाते यालाही महत्त्व येते.

या दृष्टीने बीड जिल्ह्यातील घाटनांदूरसारखे गाव विचारात घेण्याजोगे आहे. अंबाजोगाई तालुक्यातील हे गाव परळी–लातूर रोड या लोहमार्गावरचे. मालिकेतील सातारी बोली आणि येथील मराठवाडी बोली यांत अंतर आहे. तथापि मालिकेतील ग्रामव्यवहार येथील प्रेक्षकाला परका नाही. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन सहा-सहा महिन्यांसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्या जिल्ह्यात कुलूप लागलेले घर संशयाचा विषय होत नाही. अनुपस्थिती हा तेथील जगण्याचाच एक ऋतू असतो. माणूस दिसत नाही याचा अर्थ ‘गेला असेल कामाला’ असा लावण्याची सवय जेथे पिढ्यांची आहे, तेथे ‘गावाला संशय कसा येत नाही?’ हा शहरी सदनिकेतून सहज सुचणारा प्रश्न आपली धार गमावतो.

डॉक्टरवरील विश्वासाचेही तसेच. घाटनांदूरपासून तालुक्याच्या गावी, अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून उभे आहे. तरीही रात्री-अपरात्री गावात हाताशी असणाऱ्या डॉक्टरचे स्थान त्यामुळे संपत नाही. उपलब्ध असणे हीच अशा वेळी त्याची पदवी होते. या जिल्ह्याने या विश्वासाची किंमतही मोजली आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा या वयोगटात बीड जिल्ह्यात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. २०१२ साली परळीत उघडकीस आलेल्या अवैध गर्भपाताच्या प्रकरणाने राज्य हादरले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण तपासण्यासाठी २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली. ही प्रकरणे आणि मालिकेतील खून एका जातीचे नव्हेत. परंतु ‘एवढे सगळे होत असताना गाव गप्प कसे?’ हा प्रश्न दोहोंना सारखाच लागू पडतो. येथे तो कथानकातील त्रुटीचा राहत नाही. तो समाजाविषयीचा प्रश्न होतो.

वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागांची जी संकल्पना मांडली, तिचा उपयोग येथे होतो. कच्चा दुवा आणि मोकळी जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. कच्चा दुवा भरून काढला असता कथा केवळ नीटनेटकी होते. मोकळी जागा भरू गेले असता वाचकाला स्वतःच्या अनुभवात उतरावे लागते. मराठी परंपरेला हा भेद अपरिचित नाही. ‘लीळाचरित्रा’च्या पुनर्रचनेत निरनिराळ्या व्यक्तींच्या आठवणींतील पाठभेद ‘वासना’ म्हणून नावानिशी नोंदविले गेले. स्मरणातील तफावत ही तेथे चूक म्हणून पुसली गेली नाही, तर ज्याच्या-त्याच्या साक्षीसह जपली गेली. प्रेक्षकचर्चेकडेही अशाच दृष्टीने पाहावयास हवे. एकाला जे अशक्य वाटते ते दुसऱ्याला परिचित का वाटते, याची नोंद घेणे हे दोघांतील एकाला खोटे ठरविण्यापेक्षा अधिक फलदायी आहे.

४

याचा अर्थ ‘देवमाणूस’मध्ये खोल अर्थ शोधणाऱ्या प्रेक्षकाचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारावे असा नव्हे. मालिकेच्या शीर्षकातच उपरोध आहे. साथीच्या काळात, ज्या वर्षी डॉक्टरला देव म्हणणे हा सार्वजनिक भाषेचा भाग झाला होता त्याच वर्षी, ती सुरू झाली, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. सरू आजीसारख्या पात्राच्या तोंडी असलेली म्हणींनी भरलेली बोली हास्यनिर्मितीसाठी योजलेली आहे. तरी ज्या गावाजवळ प्रत्येक प्रसंगाला एक म्हण तयार आहे, त्या गावाजवळ या एका गोष्टीसाठी शब्द नाही, ही विसंगती तिच्यातून सूचित होते. पण या सूचना मालिका स्वतः गांभीर्याने घेत नाही. ज्या मोकळ्या जागेतून गावाकडे पाहता आले असते ती जागा ती खुन्याच्या मोहकतेने आणि विकृतीने बुजवून टाकते. स्त्रिया बळी पडतात त्या त्याच्या गोड बोलण्याला, गाव फसते ते त्याच्या अभिनयाला. अशा रीतीने सारा दोष एका माणसाच्या ठायी गोळा होतो आणि गाव निर्दोष सुटते.

मालिकेचा खरा कच्चा दुवा हा आहे, आणि प्रेक्षकांच्या आक्षेपांच्या यादीत तो क्वचितच आढळतो. गावाच्या मौनाला आधार देणारी कारणे, म्हणजे स्थलांतर, उपचारांचा अभाव, एकट्या स्त्रीच्या निघून जाण्याविषयीची सोयीस्कर कुजबुज, बेपत्ता व्यक्तीच्या तक्रारीची थंड नोंद, ही कथेत आली असती तर संभवनीयतेचा आक्षेप आपोआप गळून पडला असता. ती आली नाहीत म्हणून जे घडून गेलेले आहे तेही पडद्यावर अविश्वसनीय वाटू लागले. प्रेक्षकाने दोष अचूक जागी दाखविला; त्याचे कारण मात्र त्याने कथानकाच्या गुंफणीत शोधले, ते तेथे नव्हते.

पुढील पर्वांनी या विधानाला बळकटी दिली. न्यायालयीन शिक्षेविना सुटलेला खुनी डिसेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या पर्वात दुसरे नाव धारण करून परतला. २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ या नावाचे आणखी एक पर्व आले. कथेतील मोकळी जागा हीच येथे विक्रीयोग्य वस्तू झाली आहे, हे शीर्षकच सांगते. गाव बदलते, नाव बदलते, व्यवसाय बदलतो. गाव का फसते हा प्रश्न तेवढा प्रत्येक वेळी अनुत्तरित राहतो.

अशा मालिकांच्या चर्चेला वेळ घालविण्याचा उद्योग मानून समीक्षेने आजवर बाहेर ठेवले. परंतु ‘हे कसे शक्य आहे?’ असे विचारणारा आणि ‘असेच असते’ असे उत्तर देणारा, हे दोन्ही प्रेक्षक संभवनीयतेच्या त्याच प्रश्नाशी झगडत असतात ज्याच्याशी साहित्यशास्त्र शतकानुशतके झगडत आले आहे. समीक्षेचे काम त्यांच्यात निवाडा करण्याचे नाही. त्या दोघांच्या अनुभवांतील अंतर कोठून आले हे दाखविणे, आणि घाटनांदूरच्या प्रेक्षकाला ओळखीचे वाटते ते इतरांना अशक्य का वाटत राहिले याचा जाब संहितेला विचारणे, हे ते काम होय.