कॅमेरा घेऊन सगळे चर्चगेटलाच

यंदा आषाढात मोबाइलवर वारीच्या ड्रोनचित्रांचा जो पूर आला, त्यात मला एकाही वारकऱ्याचा चेहरा दिसला नाही. पांढऱ्या टोप्यांची नदी, दिवेघाटातले वळण, रिंगणातला घोडा, मागे पखवाज. हे उंटावरून शेळ्या हाकणे आपल्याकडे नवे नाही म्हणा. उद्धव ठाकरे यांची किल्ल्यांवरचे ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) आणि वारीवरचे ‘पाहावा विठ्ठल’ (२०११) ही दोन्ही पुस्तके बहुतांशी आकाशातून टिपलेली. किल्ल्यांना ती उंची शोभली, कारण किल्ल्याला घाम येत नाही. वारकऱ्याला येतो, आणि तो वरून दिसत नाही.

जमिनीवर उतरलेल्यांची गत फार बरी आहे असेही नाही. बोरिवलीचा हौशी छायाचित्रकार रविवारी पहाटेची चर्चगेट फास्ट पकडतो, ससून डॉक, बाणगंगा, येताना दादरचा फुलबाजार करतो आणि जेवायच्या वेळेला घरी येतो. मासळीची पाटी, उडणारी कबुतरे, भिंतीवरची सावली. रघुबीर सिंग यांनी ‘बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया’त (१९९४) गर्दी, काच आणि रंग यांचे जे करून ठेवले, त्याचीच ही पाणी घातलेली आवृत्ती. चिरोदीप चौधुरी यांनी मुंबईतली सार्वजनिक घड्याळे चिकाटीने टिपली, तो सन्माननीय अपवाद. बाकी इन्स्टाग्रामवरच्या पावसाळी छत्र्यांबद्दल लिहायला माझ्याकडे शाई नाही.

म्हणून पुन्हा हिरोओ किकाई या जपानी छायाचित्रकाराची पुस्तके काढून बसलो. आशिया टिपणाऱ्या जपानी छायाचित्रकारांत आपल्याकडे नाव निघते ते काझुयोशी नोमाचींचे: मक्का, गंगा. त्यांची चित्रे भव्य आहेत, आणि ती भव्यताच दमवते. शिन्या फुजिवारांनी १९७२च्या भारतभ्रमंतीच्या पुस्तकातून तरुण जपान्यांना इकडची वाट दाखवली आणि गंगाकाठच्या मरणाचे वेडही लावले. किकाई या दोघांच्या वाटेला गेले नाहीत. १९४५ साली यामागाताच्या एका खेड्यात जन्म, होसेई विद्यापीठात तत्त्वज्ञान, मग ट्रक चालवणे, ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर मजुरी. १९७३पासून हा माणूस टोकियोच्या असाकुसा भागात सेन्सोजी देवळाच्या आवारात हॅसलब्लाड घेऊन उभा राहू लागला. चाळीसहून अधिक वर्षे तेच देऊळ, तीच साधी भिंत. येणाऱ्या-जाणाऱ्यातला एखादा मनात भरला की त्याला विनंती करायची, भिंतीपुढे उभे करायचे आणि दोनचार चित्रे घ्यायची. कोणी भरलाच नाही तर रिकाम्या हाताने घरी.

ही चित्रे नीट पाहा. मागे काही नाही, त्यामुळे नजर कोटाच्या बटणांवर जाते, पिशवीच्या बंदावर, हाताची बोटे कुठे ठेवावीत हे न कळलेल्या बाईवर. खाली एक ओळ. त्यात नाव नाही. त्या माणसाचा धंदा, नाहीतर तो बोलता बोलता काय म्हणाला ते. काही माणसे वर्षांनी पुन्हा भेटतात आणि किकाई त्यांना पुन्हा त्याच भिंतीपुढे उभे करतात. मधल्या काळात काय घडले ते खांद्यांवरून वाचायचे. या चित्रांच्या ‘पर्सोना’ या पुस्तकाला २००४मध्ये छायाचित्रणाचा डोमोन केन पुरस्कार मिळाला, २०२०मध्ये किकाई गेले.

भारतातही ते १९८२पासून येत राहिले. ‘इंडिया’ (१९९२) हे त्यांचे कृष्णधवल पुस्तक साधू आणि चिता मोजत बसत नाही. रोजची माणसे, रोजची कामे, रस्त्याकडेचा रिकामा वेळ. पुढे तुर्कस्तानात जाऊन ‘अनातोलिया’ केले, तेही याच रीतीने. एवढा आशिया हिंडलेला माणूस घरी आला की पुन्हा त्याच भिंतीशी. माझ्या लेखी ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट.

आपल्याकडे या जातीचे कोण आहे? संदेश भंडारे आहेत. ‘तमाशा: एक रांगडी गंमत’मध्ये ते फडाबरोबर हिंडले, म्हणून त्यांना कनातीच्या मागची बाजू दिसली. सुधारक ओलवे आहेत. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. २०१६ची पद्मश्री सगळ्यांना ठाऊक असते, चित्रे किती जणांनी पाहिली कोण जाणे. गटारात उतरलेल्या माणसाचे चित्र बातमीसाठी कोणीही काढील; ओलवे त्याच्या मागोमाग घरापर्यंत गेले. त्या घरातल्या बाईच्या डोळ्यांत कॅमेऱ्याबद्दल परकेपणा नाही, हे अनेकदा गेल्याशिवाय होत नाही.

पण दोन नावांवर गाडी थांबते, आणि इथे मला भांडायचे आहे. मुंबईची उपनगरे म्हणजे अख्खा आशिया आहे. वर्सोव्याचे कोळी, आरेच्या पाड्यांवरचे वारली, गोराईचे ईस्ट इंडियन, घाटकोपरचे गुजराती, तिथल्याच रमाबाई नगरातले दलित. यांचे छायाचित्रांतले दप्तर कुठे आहे? ११ जुलै १९९७ला रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली, त्या दुःखात मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. माहितीपटकार आनंद पटवर्धन त्या वस्तीमागे चौदा वर्षे राहिले, तेव्हा २०११मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ झाला. सिनेमाला जमले. त्या तोडीचे छायाचित्रांचे पुस्तक मला कोणी दाखवावे. मे २०२४मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून सतरा माणसे गेली, तेव्हा कॅमेऱ्यांची रांग लागली. आठवडा उलटला आणि रांग मोडली.

दोष एकट्या छायाचित्रकारांचा नाही. मराठी संपादकाला छायाचित्र म्हणजे मजकुरातले भोक बुजवायची चिंधी वाटते. दिवाळी अंक कथेला वीस पाने देतो, चित्रमालिकेला चार द्यायची म्हटली की आर्टपेपरचा भाव काढतो, आणि मुखपृष्ठावर मात्र दागिन्यांतली नटी चकचकीत छापतो. ज्या भाषेत व्यक्तिचित्रांची एवढी मोठी परंपरा आहे, तिथे किकाईंसारखी चित्राखालची एक ओळ लिहिणारा निघू नये? आपल्या चित्रांखाली असतो तो हॅशटॅग.

यावर ठरलेले उत्तर येते: परवानगी मिळत नाही, स्टेशनवर पोलीस हटकतात, सोसायटीचा वॉचमन आत सोडत नाही. ड्रोनची परवानगी बरी मिळवता येते? किकाईंनी परवानगी मागितली ती समोरच्या माणसाची, आणि नकार आला तर घेतला. घाटकोपरच्या पंतनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. ज्या जिन्यांत तीन पिढ्या वावरल्या, त्यांतला एखादा गाठायला लोकलच्या पासापलीकडे खर्च नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळावी म्हणून आमची मंडळी वर्षानुवर्षे थांबतात. तेवढा काळ पंतनगरच्या एका जिन्यात थांबले असते, तर जहांगीरमध्ये टांगायला निदान काहीतरी असते.