दुर्मिळ ग्रंथांच्या विनापरवाना प्रती

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (इ. स. १६०८). संप्रदायाच्या इतिहासाचा आरंभ या गावापासून होतो. अभ्यासाची साधने मात्र तेथून दूर आहेत. शं. श्री. देव यांनी मठोमठी हिंडून जमविलेली बाडे धुळ्यास, १९३५ साली स्थापन झालेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. एखाद्या जुन्या संशोधनग्रंथाची आवृत्ती संपली, की घनसावंगीच्या विद्यार्थ्यास दोनच मार्ग उरतात : दूरच्या ग्रंथालयाचा प्रवास, किंवा कोणी अज्ञाताने स्कॅन करून फिरविलेली छायाप्रत. बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतात, यात नवल नाही.

या व्यवहाराच्या समर्थनार्थ पोथ्यांच्या परंपरेचा दाखला देण्यात येतो. पोथी उतरून घेणे हे पुण्यकर्म होते, मग आजच दोष कसला? दाखला आकर्षक आहे, पण अर्धाच लागू पडतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील लेखनक्रियेचा समास पाहावा. एकसारखे अक्षर, ओळींतील अंतर, कागद, शाई, बांधणी; सारा विचार श्रमाचा आहे. शिवाय पोथीच्या विक्रीवर ग्रंथकाराचा चरितार्थ चालत नसे. हयात लेखकाच्या, दुकानात मिळणाऱ्या पुस्तकापर्यंत हा दाखला पोचतच नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. देव १९५८ साली निवर्तले. निधनोत्तर साठ वर्षांची मुदत संपल्याने त्यांचे स्वतःचे लेखन १ जानेवारी २०१९ पासून सर्वांस मोकळे आहे. अडचण मधल्या ग्रंथांची आहे : लेखक दिवंगत, प्रकाशनसंस्था बंद, वारसांचा ठाव नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ३१ व ३१-अ या कलमांनी अशा ग्रंथांसाठी परवान्याची वाट ठेवली आहे. पण चाळीस पृष्ठे हवी असलेल्या विद्यार्थ्यास ती वाट म्हणजे द्राविडी प्राणायामच होय. खाजगी अभ्यासापुरता उचित वापर ५२ वे कलम क्षम्य मानते. सर्वत्र वाटप ही गोष्ट वेगळी.

तथापि अशा ग्रंथाच्या बाबतीत बुडालेल्या मानधनापेक्षा मोठी हानी दुसरीच आहे. देवांनी १९०५ साली दासबोध छापला तो डोमगाव मठातील, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. हे ज्ञात असल्यामुळेच त्यांच्या पाठाशी वाद घालता येतो. फिरत्या छायाप्रतीत मुखपृष्ठ नसते, आवृत्तीचे वर्ष नसते, मधली पृष्ठे गळालेली असतात. जुना लेखक पोथीच्या अखेरीस पुष्कळदा स्वतःचे नाव, स्थळ व शक नोंदवी. आजचा प्रतकर्ता विनापरवाना असल्यामुळेच स्वतःस लपवितो, आणि त्याबरोबर प्रतीचे कुळही लपते.

यापुढचा दोष मात्र विद्यापीठीय आहे. मार्गदर्शकास छायाप्रत ठाऊक असते. प्रबंधाच्या तळटीपेत नाव येते ते मूळ छापील आवृत्तीचे, जी विद्यार्थ्याने कधी हातात धरलेली नसते. प्रत घेण्यात लाचारी असेल, या टिपेत ती नाही. येथे सरळ असत्य आहे, आणि ते विभागाच्या संमतीने लिहिले जाते. ‘छायाप्रत; मुखपृष्ठ नाही; पृष्ठे ३३ ते ४० गहाळ’ एवढी टीप दिली, तर मूळ ग्रंथ जवळ असलेला धुळ्याचा एखादा वाचक ती आठ पृष्ठे उघडून प्रबंधातील विधान पडताळून पाहू शकेल.