परंड्याच्या तटावरचा सरडा आणि १९९३चा एक पेपर

उन्हाळ्यात भर दुपारी परंड्याच्या किल्ल्यात गेलात तर तटाच्या उन्हातल्या चिऱ्यावर तळहात ठेवून बघा. टिकत नाही. चार पावलांवर, कमानीच्या सावलीत, तसाच दगड गार लागतो. हवामान केंद्र मात्र एकच आकडा देतं, आणि तो हवेचा असतो: पांढऱ्या लाकडी पेटीतल्या, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवरच्या हवेचा. सरडा काही त्या पेटीत राहत नाही.

मग त्याच्या वाट्याला किती तापमान येतं? या विषयात शिरणाऱ्याने हर्ट्झ, ह्यूई आणि स्टीव्हन्सन यांचा 'अमेरिकन नॅचरलिस्ट'मधला १९९३चा पेपर वाचायलाच हवा. त्याआधी सरडा पकडायचा, त्याच्या अंगाचं आणि शेजारच्या हवेचं तापमान घ्यायचं, आलेख काढायचा, अशी रीत होती. आलेख आडवा आला की सरडा तापमान सांभाळतो, असं ठरायचं. या तिघांचा आक्षेप साधा होता: सरडा कसलीही निवड न करता कुठेही पडून राहिला असता, तर त्याचं तापमान किती झालं असतं? ते माहीत नसताना तो 'सांभाळतो' हे कशावरून?

उत्तरासाठी सरड्याच्या आकाराच्या, त्याच्याच रंगाच्या पोकळ तांब्याच्या प्रतिकृती जागोजागी ठेवतात, आत सेन्सर. पोकळ का? बुरुजावरच्या तोफेला दिवस मावळल्यावर हात लावा, अजून कोमट असते. जड वस्तू मघाचं ऊन धरून ठेवते. आपल्याला आत्ताचं ऊन, वारा आणि दगड यांचा हिशोब हवा असतो.

पुढचं गणित असं. सरडा पसंतीच्या तापमानापासून सरासरी किती लांब आहे, याला प्रतिकृती किती लांब आहेत त्याने भागा, आणि उत्तर १मधून वजा करा. १च्या जवळ आलं तर सरडा हुशार. हवामानच मुळात सरड्याला मानवणारं असेल तर छेद शून्याकडे जातो आणि आकडा वेडावाकडा येतो. ब्लूइन-डेमर्स आणि वेदरहेड यांनी २००१मध्ये भागाकाराऐवजी वजाबाकी सुचवली. हे दुखणं तेवढ्यावर भागतं.

माझी खरी तक्रार सरासरीबद्दल आहे. सरासरीत जागा हरवते. सिअर्स आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यू मेक्सिकोतल्या कुंपणांत सावलीचं कापड लावलं होतं. एकूण सावली सारखीच, पण कुठे एक मोठा तुकडा, कुठे ४, कुठे १६. विखुरलेल्या छोट्या सावल्यांत सरड्यांनी तापमान जास्त चांगलं सांभाळलं. सावलीपर्यंत पळण्याचाही खर्च असतो ना! आता परंड्यात या: तटाची एकच लांब सावली, आणि बाहेर माळावर बाभळींच्या तुटक सावल्या. दोन्हीकडे प्रतिकृतींची सरासरी सारखी येऊ शकते. पेपरच्या हिशोबात दोन्ही जागा मग सारख्याच. सरड्याला नाहीत.

लेखकांना फार बोल लावता येत नाही; नाण्याएवढे लॉगर तेव्हा कुणाच्या हाताशी नव्हते. आपल्याकडे आहेत, तरी आपण तसंच करतो. माझ्या पहिल्या आराखड्यात ३० प्रतिकृती होत्या. गाईडनी एवढंच विचारलं, "यातली कुठली कुठलीच्या शेजारी?" माझ्याकडे नकाशाच नव्हता.

तेव्हा प्रतिकृती ठेवताना टेप सोबत न्या. आणि सरडा दिसला की अंगाच्या तापमानाशेजारी आणखी एक रकाना भरा: जवळची सावली किती मीटरवर.