मामा कुणाचा?

आज आपण एकच शब्द घेणार आहोत, तोही दोन अक्षरी: मामा. असे शब्द हाताशी धरून तक्ते करायची आपल्याकडे फार हौस. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे दहा परक्या भाषांतले तसेच ऐकू येणारे शब्द, आणि खाली निष्कर्ष: बघा, सगळं इथूनच गेलं! या पद्धतीला आमचा आक्षेप आहे, आणि तिची परीक्षा घ्यायला मामासारखा शब्द नाही.

रशियनमध्ये मामा म्हणजे आई. स्वाहिलीत आई, चिनीतही आईच. इथवर तक्ता खुशीत चालतो. मग येते जॉर्जियन. तिथे मामा म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात 'देदा'! तुर्कीत मामा म्हणजे बाळाचा खाऊ. मांजरीच्या वाटीतल्या खाण्यालाही तोच शब्द. तक्तेवाले या दोन ओळी हळूच गाळतात.

रोमान याकोबसन यांनी १९६० साली छापलेल्या निबंधात याचा उलगडा केला. मानवशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी जगभरातून आई-बापांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते. त्यांत आईच्या ५५ टक्के शब्दांत म, न यांसारखे अनुनासिक ध्वनी होते. बापाच्या शब्दांत फक्त १५ टक्के. कारण साधं आहे. दूध पिताना तोंड बंद असतं, त्यामुळे बाळाचा हुंकार नाकातून निघतो. पुढे दूध हवं म्हणून तोच आवाज, आणि ऐकणारी आई म्हणते, मला हाक मारली! म्हणजे शब्द कुणाकडून कुणाकडे गेलेला नाही. तो घरोघरी नव्याने जन्मतो.

हे आम्हाला पटतं, पण पुरत नाही. बाळाच्या तोंडाने ध्वनी समजतो. तो ध्वनी आईच्या भावाला का चिकटला, ते समजत नाही. त्यासाठी तोंड सोडून घरात शिरावं लागतं.

मराठीत जुन्या घरांतली सून सासऱ्याला 'मामंजी' म्हणायची आणि सासूला 'आत्याबाई'. आता हे जरा सावकाश बघू. समजा, मुलाचं लग्न त्याच्या मामाच्या मुलीशी झालं. त्या मुलीची सासू कोण? तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे सख्खी आत्या. सासरा कोण? आत्याचा नवरा. आणि तमिळमध्ये आईचा भाऊ, आत्याचा नवरा, सासरा, तिघेही मामाच. तेलुगूतही मामा म्हणजे सासरा. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात उत्तरेची आणि दक्षिणेची नातेव्यवस्था वेगळी करून दाखवली, आणि महाराष्ट्र मधे कसा पडतो तेही. उत्तरेत असं लग्न बहुतेक ठिकाणी निषिद्ध; आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, किंबहुना तिच्यावर हक्क सांगितला जातो.

मग मामा हा शब्द द्राविडी म्हणायचा का? इथेही घाई नको. हिंदीत, बंगालीतही मामा आहेच, आणि तिथे तो सासरा होत नाही. नुसत्या शब्दावरून काही ठरत नाही. 'मामंजी' मात्र बोलतो, कारण त्यात शब्द नव्हे, त्याचा वापर दक्षिणेशी जुळतो. संस्कृतातला 'मातुल' घेऊन बसलो असतो, तर ही गोष्ट दिसलीच नसती.

बाकी चांदोमामा, चौकातले वाहतूक मामा, आणि कुणाला 'मामा बनवणं' ही सगळी पुढची करामत. त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

आता सुना सासऱ्यांना 'बाबा' म्हणतात. मामंजी उरलेत जुन्या नाटक-सिनेमांत. ज्यांच्या घरी अजून एखादी आजी आहे, त्यांनी तिला एवढंच विचारावं: तुझ्या माहेरी आत्याच्या यजमानांना काय हाक मारायचे? आणि उत्तर आलं की तिचं गाव आणि जातही सोबत टिपून ठेवावी.