मातीतला देह, नियमातला देह : कोल्हापूरच्या कुस्तीपरंपरेच्या आधारे क्रीडानीती व वैद्यकनीती यांची चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडा आणि वैद्यक या दोन्ही क्षेत्रांचा विषय मानवी देह हाच असला, तरी देहाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी एक नाही. वैद्यकाला देह निरोगी राखायचा असतो. क्रीडेला त्याच्याकडून काहीतरी करवून घ्यायचे असते. एरवी या दोन हेतूंत विरोध जाणवत नाही. त्यामुळे ‘खेळ म्हणजे आरोग्य’ हे समीकरण शालेय पुस्तकांपासून सत्कार समारंभांतील भाषणांपर्यंत निर्वेधपणे वावरते. स्पर्धात्मक खेळाच्या वरच्या पायरीवर मात्र हे समीकरण टिकत नाही. सुश्रुतसंहितेने व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच करावा असे सांगितले आहे. ज्या खेळाडूला जिंकायचे आहे, त्याला हा सल्ला मानता येत नाही. शक्तीची सीमा ओलांडणे हाच त्याचा व्यवसाय असतो.

या विरोधाची चिकित्सा प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या कुस्तीपरंपरेच्या आधारे केली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९०२ च्या युरोप प्रवासात पाहिलेल्या रोममधील कलोसियमच्या धर्तीवर खासबाग मैदान उभारले. हे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळा इमाम या तालमींनी पुढे पैलवानांच्या अनेक पिढ्या घडवल्या. म्हणून देहाविषयीची एक स्वतंत्र नीती येथे प्रत्यक्ष आचारात पाहावयास मिळते. ही नीती आणि जागतिक उत्तेजकविरोधी संहिता यांना एकमेकींसमोर ठेवले असता दोहोंतील सामर्थ्य व उणिवा स्पष्ट होतात.

आरोग्याची व्याख्या आणि पैलवानाचा कान

पैलवानाचा चिंबलेला कान हा या चर्चेचा योग्य आरंभबिंदू ठरतो. वारंवार घर्षण व आघात झाल्याने कानाच्या कूर्चेवरील आवरणाखाली रक्त साठते. ते वेळीच काढून दाब दिला, तर कानाचा आकार राखता येतो. तसे न केल्यास कान कायमचा आक्रसतो. डॉक्टरांच्या दृष्टीने ही टाळता येण्याजोगी विकृती आहे. तालमीत मात्र असा कान मेहनतीची खूण म्हणून अभिमानाने मिरवला जातो.

ख्रिस्तोफर बूर्स यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार प्रजातीला स्वाभाविक असलेले कार्य नीट चालणे म्हणजे आरोग्य. त्यात मूल्यनिर्णयाला स्थान नाही. ऐकू नीट येत असेल, तर या व्याख्येप्रमाणे त्या कानाला रोगी ठरवणे कठीण जाते. जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्ये याहून वेगळी भूमिका घेतली होती. परिस्थिती बदलली असता स्वतःसाठी नवे प्रमाण निर्माण करण्याची क्षमता म्हणजे आरोग्य, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्यानुसार पैलवान रोगी नव्हे, तो स्वतःच्या प्रमाणाने जगणारा मनुष्य ठरतो.

कांगिलेम यांची भूमिका तालमीच्या अधिक जवळची आहे, परंतु तिच्यापुढे एक अडचण उभी राहते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा गाव सोडून तालमीत राहावयास येतो, तेव्हा त्याचे प्रमाण त्याने स्वतः निर्माण केलेले नसते. ते वस्तादाने, घरच्यांच्या आशेने आणि गावच्या प्रतिष्ठेने त्याला दिलेले असते. कानाच्या बाबतीत हा भेद फारसा जाचत नाही. मान, मणका आणि गुडघा यांच्या बाबतीत मात्र तो पुढील सगळ्या आयुष्याचा प्रश्न होतो.

खुराक, औषध आणि उत्तेजक

उपचार आणि क्षमतावर्धन यांतील सीमारेषा हा क्रीडानीतीतील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न होय. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची स्थापना १९९९ मध्ये झाली आणि तिची संहिता २००४ पासून अमलात आली. एखादे द्रव्य किंवा पद्धत निषिद्ध ठरवताना ही संहिता प्रामुख्याने तीन निकष पाहते : त्याने कामगिरी वाढण्याची शक्यता, आरोग्याला संभवणारा धोका आणि खेळाच्या वृत्तीचा भंग. यांपैकी दोन निकष लागू पडले, तर ते निषिद्ध यादीत घेता येते.

लोकव्यवहारात या निषेधाचे समर्थन ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ या भेदाने केले जाते. कोल्हापूरच्या तालमीत हा भेद टिकत नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खुराक भुकेसाठी घेतला जात नाही; तो ताकद वाढवण्याच्या स्पष्ट हेतूने, मोजून-मापून घेतला जातो. हौद्यातील लाल मातीतही तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती मुद्दाम सिद्ध केलेली असते. म्हणजे तालमीतील देह हा आरंभापासूनच घडवलेला देह आहे.

यावर तालमीचे एक उत्तर असते. खुराक मेहनतीतून जिरवावा लागतो. जोर-बैठकांवाचून तो अंगी लागत नाही. जोसेफ आल्टर यांनी वाराणसीच्या आखाड्यांवरील आपल्या १९९२ मधील ग्रंथात आहार, मेहनत व ब्रह्मचर्य यांचा हा नैतिक संबंध विस्ताराने उलगडला आहे. कोल्हापूरच्या तालमींनाही तो बऱ्याच अंशी लागू पडतो. तथापि हे उत्तर तर्कदृष्ट्या पुरेसे नाही. स्नायूवर्धक स्टेरॉइडही मेहनतीला रजा देत नाही; उलट अधिक मेहनत सोसण्याची शक्ती देते. केवळ कष्टांच्या निकषावर बदाम आणि स्टेरॉइड यांत भेद करता येत नाही.

मग निषेधाचा आधार कोणता? कोल्हापूरच्याच दुसऱ्या खेळाकडे पाहिले असता उत्तराची दिशा सापडते. नेमबाजीतही या जिल्ह्याने नाव कमावले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये विश्वविजेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक पटकावले. या खेळात ‘बीटा ब्लॉकर’ वर्गातील औषधे निषिद्ध आहेत. उच्च रक्तदाब व हृदयविकार यांवर असंख्य लोक ती रोज घेतात. त्यांनी हृदयाची गती मंदावते आणि हाताचा कंप कमी होतो. बीजिंग येथील २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदके याच कारणाने काढून घेण्यात आली.

येथे आरोग्याचा धोका हे मुख्य कारण म्हणता येत नाही. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये खेळाची जी व्याख्या केली, ती येथे उपयोगी पडते : अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. आपल्याच छातीची धडधड हा नेमबाजाचा अडथळा आहे. तो गोळीने दूर केला, तर लक्ष्यवेध शिल्लक राहतो पण खेळ राहत नाही.

कुस्तीतील स्टेरॉइडला हा युक्तिवाद तितका लागू होत नाही. प्रतिस्पर्ध्याचे बळ हा तेथील अडथळा कायमच राहतो. कुस्तीतील निषेधाचे खरे कारण हानी आणि सक्ती हे आहे. एकाने देह धोक्यात घालून बळ वाढवले की त्याच्या जोडीच्या पैलवानालाही तोच धोका पत्करावा लागतो आणि अखेर दोघांचे अंतर होते तेवढेच राहते. दोन खेळांतील निषेधांची कारणे अशी भिन्न असताना संहिता त्यांना एकाच यादीत गोवते. ‘खेळाची वृत्ती’ हा तिचा तिसरा निकष संदिग्ध वाटतो तो यामुळेच.

वजन : यादीचे मौन

आरोग्याचा निकष संहिता किती गांभीर्याने घेते, याची कसोटी वजनगटांच्या प्रश्नावर लागते. यात्रेच्या मैदानात जोड नजरेने ठरवली जाते. तेथे तराजूचा धाक नसतो. मॅटवरील कुस्तीत वजनगट आहेत, आणि दुर्बळाला बलवानापासून संरक्षण मिळावे हा त्यांचा न्याय्य हेतू आहे. परंतु याच नियमातून वजन उतरवण्याची प्रथा जन्मली. अन्नपाणी तोडायचे, घाम काढायचा आणि खालच्या गटात उतरायचे, असा हा क्रम आहे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अवघ्या पाच आठवड्यांच्या आसपास तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन नियम बदलण्यात आले.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट यांना ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी १०० ग्रॅम अधिक वजनामुळे अपात्र ठरवण्यात आले. अन्नपाण्यावर मर्यादा, घाम काढणे आणि शेवटी केस कापणे इथपर्यंत रात्रभर प्रयत्न झाल्याचे भारतीय पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितले. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला त्यांचा अर्ज फेटाळला. देशातील चर्चा पदक गेल्याच्या दुःखाभोवती फिरली. निरोगी तरुणीला रात्रभर निर्जल ठेवण्याच्या कामात वैद्यकाने कोणत्या नात्याने सहभागी व्हावे, हा प्रश्न मात्र बाजूला पडला.

शरीरातील पाणी काढणारी लघवीची गोळी संहितेच्या यादीत निषिद्ध आहे. तहानेने आणि घामाने तेच पाणी काढणे त्या यादीत नाही. पहिल्या कृतीला गुन्हा आणि दुसरीला जिद्द म्हटले जाते. गोळीने इतर द्रव्ये लपवली जातात हे तिच्या निषेधाचे एक कारण आहे, हे मान्य केले तरी आरोग्याच्या दृष्टीने हा भेद समर्थनीय ठरत नाही. संहिता द्रव्यांवर पहारा ठेवते, प्रथांवर नाही.

जबाबदारी कोणाची?

संहितेनुसार शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की प्रथम जबाबदारी खेळाडूची. महाराष्ट्र केसरी हा किताब २०११ ते २०१३ असा सलग तीनदा जिंकणाऱ्या नरसिंग यादव यांचे प्रकरण या तत्त्वाचे ठळक उदाहरण आहे. २०१६ मध्ये त्यांच्या नमुन्यात मेथॅन्डिनोन हे स्टेरॉइड आढळले. अन्नात कोणीतरी भेसळ केली, हे त्यांचे म्हणणे राष्ट्रीय संस्थेच्या शिस्तपालन मंडळाने मान्य केले. क्रीडा लवादाने मात्र पुराव्याअभावी ते नाकारून १८ ऑगस्ट २०१६ रोजी चार वर्षांची बंदी घातली. त्या प्रकरणातील सत्यासत्याचा निवाडा हा येथील विषय नाही. तत्त्वाचा विचार केला, तर कठोर जबाबदारीवाचून नियम चालवणे अवघड आहे हे मान्य करावे लागते. परंतु ज्याला खुराक दुसरा देतो, वेळापत्रक दुसरा ठरवतो आणि ज्याचा खर्च तिसरा सोसतो, त्या तरुणावर सगळा भार टाकताना इतरांच्या वाट्यालाही काही भार यावयास हवा. २०२१ च्या सुधारित संहितेने सोळा वर्षांखालील व अन्य काही खेळाडूंना ‘संरक्षित व्यक्ती’ मानले, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. जागतिक संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातील ३८६५ नमुन्यांपैकी १२५ नमुने दोषी आढळले. हे प्रमाण ३.२ टक्के असून मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत सर्वाधिक होते. हे केवळ व्यक्तींच्या लोभाचे चित्र मानता येत नाही.

कोल्हापूरच्या परंपरेत आश्रयाची उज्ज्वल बाजूही आहे. खाशाबा जाधव यांच्या १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ मध्ये त्यांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केल्याचे सांगितले जाते. त्या ऑलिम्पिकमधील कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक ठरले. ज्याने घर गहाण ठेवले, त्याचा पठ्ठ्यावर हक्क निर्माण होतो काय? खर्डेकरांच्या कृतीचे मोल हेच की तिच्यात असा हक्क सांगितलेला दिसत नाही. पुढे राजाश्रयाची जागा सहकारी साखर कारखान्यांच्या मानधनाने आणि मैदानांतील इनामाने घेतली. आश्रयदाता बदलला, पण पैलवानाचे पोट त्याच्या देहावर अवलंबून राहिले. दुखापत झालेला पैलवान विश्रांती घेण्याचे टाळतो, त्यामागे बेफिकिरीपेक्षा हा हिशेब अधिक असतो. शिवाय यात्रेतील मैदाने गावची समिती भरवते. उत्तेजक चाचणी तिच्या आवाक्यातली नसते. तेथे पैलवान आणि धोका यांच्यामध्ये उभा राहणारा असलाच तर वस्ताद किंवा डॉक्टर असतो.

वैद्यकनीतीत रुग्णाची स्वायत्तता, अपाय न करणे, हित साधणे आणि न्याय ही चार तत्त्वे बोशाँ व चिल्ड्रेस यांच्या १९७९ मधील ग्रंथापासून सर्वमान्य झाली आहेत. क्रीडावैद्यकात यांतील पहिल्या तत्त्वाचा आधार घेऊन उरलेल्या तिघांना बगल दिली जाते. ‘खेळाडूचीच इच्छा होती’ एवढे म्हटले की सुई टोचून त्याला पुन्हा मैदानात उतरवता येते. परंतु वस्तादासमोर ‘नाही’ म्हणण्याची सोय ज्याला नाही, त्याची इच्छा ही पूर्ण अर्थाने संमती ठरत नाही.

समारोप

तालमीची नीती आणि संहितेची नीती यांच्या या तुलनेतून एक गोष्ट हाती लागते. तालीम देहाला शिस्त देते, पण वेदनेला सद्गुण मानून देहाचे ऐकण्यास विसरते. संहिता लबाडी पकडते, पण नियमात बसणाऱ्या क्रौर्याकडे तिचे लक्ष जात नाही. दोघींनाही मैदानातील देह दिसतो. मैदान सुटल्यानंतर चाळीस-पन्नास वर्षे ज्या देहाने जगायचे आहे, तो दोघींच्या विचारकक्षेत नाही.

क्रीडावैद्यकाची नीती या उर्वरित आयुष्यापासून सुरू व्हावयास हवी. डॉक्टरांचा रुग्ण हा पैलवान नसून पैलवानकी संपल्यावरही उरणारा माणूस आहे, हे तत्त्व मान्य केले तर अनेक व्यावहारिक गोष्टी त्यातून निघतात. तालमीत येणाऱ्या मुलाची तपासणी करणारा डॉक्टर मानधन देणाऱ्याला उत्तरदायी नसावा. अल्पवयीन मुलांचे वजन उतरवण्यास मनाई असावी. दुखापतीच्या काळात मानधन थांबू नये. ही तीनही कामे ऑलिम्पिकची वाट न पाहता जिल्ह्याच्या पातळीवर सुरू करता येण्यासारखी आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीला मैदान दिले. मैदानाबाहेरच्या आयुष्याची हमी देणे हे त्या कार्याचे उरलेले अंग होय. ते पूर्ण होईपर्यंत ‘खेळ म्हणजे आरोग्य’ हे वाक्य निदान तालमीतल्या मुलांसमोर उच्चारताना थोडा संकोच वाटला पाहिजे.