‘काळजी करता का?’ : सात प्रश्नांची उलटतपासणी

दिवाळीला कोपरगावला गेले तेव्हा बॅगेत जीएडी-७ या प्रश्नावलीच्या मराठी प्रती होत्या. पीएचडीचं काम घरी न्यायचं नाही असं दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी नेते. फराळ झाल्यावर आईला एक प्रत दिली, म्हटलं, भरून बघ, भाषा कळतेय का सांग. (आई माझ्या अभ्यासातली सहभागी नाही. हे लिहायला मात्र तिची परवानगी आहे, आणि मजकूर तिला वाचून दाखवला आहे.)

तिने चष्मा लावला आणि पाच मिनिटांत कागद परत दिला. बेरीज आली ४. या मोजपट्टीवर पाचपेक्षा कमी म्हणजे चिंता नगण्य. जी बाई गेली कित्येक वर्षं मध्यरात्री उठते, जिच्या पोटाच्या तपासण्यांची एक वेगळी फाईल आहे, ती माझ्या प्रश्नावलीप्रमाणे ठणठणीत होती.

तेव्हापासून या सात प्रश्नांकडे मी साधन म्हणून कमी आणि मजकूर म्हणून जास्त बघायला लागले. कथा-कादंबरीची समीक्षा होते, तशी प्रश्नावलीची का होऊ नये?

आधी थोडी ओळख. जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, म्हणजे एका कुठल्या गोष्टीची नाही तर सगळ्याचीच, सतत चालणारी, आवरता न येणारी चिंता. हे निदान तसं नवं आहे. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ते स्वतंत्रपणे आलं. तेव्हा एक महिना चिंता असली तरी पुरत असे, १९८७ मध्ये तो कालावधी सहा महिने झाला. आज निकष साधारण असे आहेत: सहा महिने, बहुतेक दिवस, प्रमाणाबाहेर चिंता, ती थांबवणं अवघड, आणि अस्वस्थपणा, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोपेची तक्रार या सहांपैकी किमान तीन गोष्टी. शिवाय त्यामुळे रोजचं जगणं अडलं पाहिजे, आणि थायरॉईड, एखादं औषध असं दुसरं कारण नसलं पाहिजे.

जीएडी-७ आली २००६ मध्ये. स्पिट्झर, क्रोएन्के, विल्यम्स आणि लोव या चौघांनी अमेरिकेतल्या १५ दवाखान्यांमधल्या २७४० रुग्णांवर ती तपासली. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त झाले तर पुढची तपासणी करा, असा संकेत. फुकट आहे, छोटी आहे, जगभर वापरली जाते. मीही वापरते.

आता तिच्यात काय नाही ते बघा. झोपेबद्दल एकही प्रश्न नाही. स्नायू आखडण्याबद्दल नाही. थकव्याबद्दल नाही. म्हणजे सहा लक्षणांपैकी शरीरात सर्वात उघड दिसणारी तीन गायब. आणि आपल्याकडे माणूस डॉक्टरकडे नेमकं काय घेऊन जातो? ‘मला चिंता वाटते’ असं कोणी केसपेपर काढताना सांगत नाही. छातीत धडधडतं, मानेपासून डोकं जड होतं, हातापायात त्राण नाही, गॅस वर चढतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असं सांगतात. मग ईसीजी होतो, अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते, ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मिळतो. (हा सल्ला ऐकून आजवर कोणी टेन्शन घ्यायचं थांबवलंय का, यावर खरं तर एक प्रबंध व्हायला हवा.)

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे माझा जीव जास्त अडकलाय. प्रश्न विचारतो की तुम्ही वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी करता का. इंग्रजीत चिंता करणं आणि जपणं यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत ‘काळजी’ दोन्हीकडे चालते. ‘काळजी घे’ हा निरोप आहे, ‘काळजीवाहू’ हे सरकार आहे, आणि ‘त्याला घरच्यांची काळजीच नाही’ ही शिवी आहे. आईला मी नंतर विचारलं की या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ का लिहिलंस? ती म्हणाली, ‘‘फार कुठं करते? घरच्या बाईनं करायची तेवढीच करते. मी नाही करायची तर कोण करणार, तुझे पप्पा?’’ तिच्या दृष्टीने ‘फार’ हा शब्द तिच्या कामाचा अपमान होता.

निवांत बसता येतं का, या प्रश्नाचं तेच. ते तिने कर्तृत्वासारखं वाचलं, ‘निवांत बसायला वेळ कुणाला आहे?’ आणि शून्य लिहिलं. शेवटचा प्रश्न काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटते का, हा. आपल्याकडे असलं तोंडाने बोलायचं नसतं, शुभ बोल नाऱ्या. त्यात तो सणाचा दिवस. तिथेही शून्य. कागदावर चार गुण आले ते सगळे चिडचिडीच्या आणि अस्वस्थपणाच्या प्रश्नांवर, कारण त्याची साक्ष द्यायला घरात माणसं होती.

भाषांतर चुकीचं होतं का? नाही. व्याकरण बरोबर, शब्द सोपे. पण ते कागदाला विचारलेले प्रश्न होते. ‘घोर लागणं’, ‘जिवाला घोर’, ‘धास्ती’, ‘हुरहुर’, ‘मन थाऱ्यावर नसणं’ एवढी श्रीमंती आपल्याकडे असताना आपण प्रमाण मराठीतली ‘चिंताग्रस्त’ उचलतो. तो शब्द मी माझ्या घरात कधीच ऐकलेला नाही. आणि या विकाराचं सगळ्यात नेमकं वर्णन तर म्हणीत बसलंय: मन चिंती ते वैरी न चिंती.

तिसरा मुद्दा ‘प्रमाणाबाहेर’चा. कुणाच्या प्रमाणाबाहेर? कोपरगाव गोदावरीच्या काठावर वसलंय, आणि याच गावात वर्षानुवर्षं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेलं आम्ही पाहिलंय, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. पाच नंबरच्या तळ्याच्या गप्पा ऐकत माझी शाळा संपली. अशा गावात बाई पाण्याची काळजी करत असेल तर तो आजार की शहाणपण? गंमत बघा, २०१९ मध्ये एचवाइज नावाची बारा प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली, घरातल्या पाण्याची असुरक्षितता मोजणारी. तिच्यातही काळजीचा प्रश्न आहे. म्हणजे एका कागदावर काळजी हे माणसाच्या मनाचं लक्षण आहे, आणि दुसऱ्या कागदावर तीच नळाचं लक्षण आहे.

इथे थांबून ‘बघा, सगळं परिस्थितीमुळेच, विकार वगैरे पाश्चात्त्य खूळ’ असं म्हणणारे मला विद्यापीठातही भेटतात. मला ते पटत नाही. आणि न पटण्याचं कारण पुन्हा आईच आहे.

कागद बाजूला ठेवून एका दुपारी मी तिला नुसतं विचारलं, रात्री किती वाजता जाग येते? म्हणाली, दोनला. मग काय करतेस? ‘‘गच्चीवर जाते. टाकीत बॅटरी मारून बघते.’’ पाणी आलेलं असतं त्या दिवशी? ‘‘त्या दिवशी पण.’’ भरलेली दिसली की? ‘‘मग खाली येते. मग तुझ्या गाडीचं मनात येतं. तू त्या पुण्याच्या रस्त्याला रात्रीची असतेस.’’ मी त्या रात्री तिच्या शेजारच्या खोलीत झोपलेली होते.

टाकी भरलेली आहे, ती भरलेली आहे हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि चिंता तिथून उठून दुसऱ्या गोष्टीवर जाऊन बसते. कॅनडात दुगास आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडलेली कल्पना इथे कामाला येते. त्यांच्या मते या विकाराच्या मुळाशी अनिश्चितता सहन न होणं आहे, आणि उपचारात ते काळज्यांचे दोन ढीग करायला शिकवतात. एक, समोर असलेली अडचण. तिच्यावर उपाय शोधायचा. दुसरा, ‘झालं तर काय’. त्याच्यावर उपाय नसतो, कारण अजून काही झालेलंच नाही. टाकी लहान आहे हा पहिला ढीग. भरल्या टाकीवर रात्री दोनला बॅटरी हा दुसरा. पहिल्या ढिगासाठी समुपदेशकाकडे पाठवणं हा अन्याय आहे, दुसऱ्यासाठी नुसती मोठी टाकी बसवणं हे अज्ञान. आम्ही दोन वर्षांपूर्वी मोठी टाकी बसवली होती. जाग दोनलाच यायची.

आकड्यांची एक अडचण पटकन सांगते. दहा गुणांच्या रेषेवर ही प्रश्नावली खरोखर विकार असलेल्या १०० पैकी ८९ जणांना पकडते, आणि नसलेल्या १०० पैकी ८२ जणांना बरोबर सोडते. ऐकायला छान. पण समजा १००० लोकांत ५० जणांना विकार आहे. पकडले जातील साधारण ४५. उरलेल्या ९५० पैकी १८ टक्के, म्हणजे १७१, विकार नसताना पकडले जातील. म्हणजे दहा किंवा त्याहून जास्त गुण आलेल्या दर पाच माणसांत खरा रुग्ण साधारण एकच. म्हणून मोबाईलवर ही प्रश्नावली भरून ‘मला जीएडी आहे’ असं स्टेटस टाकू नका. आणि तो ४५ चा हिशेबही मूळ अमेरिकन आकड्यांवर आहे. त्यात माझी आई निसटली.

मग करायचं काय? गोव्यात झालेला मानस प्रयोग मला या बाबतीत सगळ्यात आशादायक वाटतो. संगाथ संस्था आणि विक्रम पटेल यांच्या गटाने १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखान्यांत तो केला, निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. स्थानिक पदवीधर बायकांना दोन महिने प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं, मागे डॉक्टर आणि तज्ज्ञ. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.९ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, हे उत्साहाच्या भरात पुष्कळदा वगळलं जातं. पण मुद्दा असा की तिथे प्रश्नावलीच्या मागे बसून ऐकणारं माणूस होतं. आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं केंद्र जिल्हा रुग्णालयात, म्हणजे नगरला, शंभरेक किलोमीटरवर. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, तो मी सगळ्यांना देते. पण ज्याला आपल्याला ‘गॅस’ आहे असं वाटतं तो हा नंबर लावणार नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात. दोन गोष्टींचा पुरावा चांगला आहे: विचार-वर्तन उपचार, आणि एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं. दोन्हींना वेळ लागतो. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी वाढूही शकते. बरेच लोक तिथेच सोडतात. उलट अल्प्राझोलामसारखी गोळी अर्ध्या तासात शांत करते, म्हणून तीच आवडते. ती थोड्या दिवसांसाठी असते, तिची सवय लागते, आणि ती एच-१ यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. आमच्या नात्यातल्या एक मावशी ती अकरा वर्षं घेत होत्या, जुन्याच चिठ्ठीवर. घेत असाल तर हे वाचून एकदम बंद करू नका. एकदम थांबवणं धोक्याचं असतं, डॉक्टर हळूहळू उतरवतात.

आई तयार झाली ती ‘झोपेसाठी’. मानसोपचार हा शब्द मी काढला नाही, डॉक्टरांनीच पहिल्या भेटीत काढला आणि काही आभाळ कोसळलं नाही. थायरॉईड तपासलं, ते ठीक होतं. गोळी सुरू झाली, पंधरा दिवसांनी एकदा समुपदेशन. तिथे त्यांनी तिला काळजीची वेळ ठरवून दिली, संध्याकाळी साडेपाच ते सहा. पेनसिल्व्हेनियातल्या बोर्कोवेक यांच्या १९८० च्या दशकातल्या कामातली ही युक्ती: काळजी करू नका असं नाही, साडेपाचला करा. आईला हे फार आवडलं. ‘‘एवढ्या वेळात भाकऱ्या पण होतात,’’ म्हणाली.

दोन महिन्यांनी मी तिला परत तोच कागद दिला. झोप सुधारली होती, गच्चीवर जाणं आठवड्यातून एकदावर आलं होतं, पोटाची फाईल कपाटात गेली होती. बेरीज आली ११.

मी चकित. पुन्हा विचारलं, आता बरं वाटतंय ना? मग तीनवर तीन का दिलेस? ‘‘अगं, तेव्हा मला वाटलं तू माझी परीक्षा घेतेस,’’ ती म्हणाली. ‘‘आता कळलं कशाबद्दल विचारतात ते.’’

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ‘उपचारापूर्वी’ आणि ‘उपचारानंतर’ असे दोन रकाने आहेत. गाइडला मी हा किस्सा सांगितला. ते म्हणाले, एक केस म्हणजे डेटा नव्हे. बरोबर आहे. पण आता मुलाखती घेताना मी कागद शेवटी काढते. आधी विचारते, रात्री जाग किती वाजता येते, आणि उठल्यावर काय करता.